उबंटूचा ॲडमिन पासवर्ड कुणालाच आठवत नाही, फॉरमॅटशिवाय मार्ग आहे का?

शाहूपुरी_ऑफिस

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका लहान ऑफिसातला डेस्कटॉप आहे. उबंटू २२.०४, २५६ जीबीची एसएसडी, सोबत विंडोज नाही. चालू केला की लॉगिन न विचारता थेट डेस्कटॉप येतो, त्यामुळं रोजचं काम अडलेलं नाही. पण नवीन प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना आणि अपडेट घेताना 'ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड' अशी खिडकी येते आणि तो पासवर्ड कुणालाच माहीत नाही. मशीन बसवून देणारा माणूस आता संपर्कात नाही. वहीत लिहून ठेवलेले पासवर्ड टाकून झाले, एकही लागत नाही.

मशीनमध्ये लिब्रेऑफिसमधली चार वर्षांची बिलं आहेत आणि क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, बँक वगैरेचे पासवर्ड साठवलेले आहेत. दुरुस्तीवाल्यानं फॉरमॅट सांगितलंय. जुना पासवर्ड शोधून काढता येतो का? नसेल तर बिलं आणि क्रोममधलं काही न जाता नवीन टाकता येतो का? कॉम्प्युटर ऑफिसच्याच मालकीचा आहे, बिल आमच्या नावावर आहे.

टर्मिनलवाला

फॉरमॅटची अजिबात गरज नाही, कुणाला करूही देऊ नका.

जुना पासवर्ड मात्र मिळणार नाही, कारण तो मशीनमध्ये कुठंच लिहिलेला नसतो. 'इटीसी' फोल्डरातल्या 'शॅडो' नावाच्या फायलीत फक्त त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणितानं काढलेला ठसा असतो. उबंटू २२.०४ मध्ये हा हॅश येस्क्रिप्ट पद्धतीचा असतो, त्याची सुरुवात डॉलर, वाय, डॉलर अशी होते. जुन्या आवृत्त्यांत एसएचए-५१२ होता, त्याची सुरुवात डॉलर, ६, डॉलर. दोन्ही एकाच दिशेनं चालतात. हॅशवरून पासवर्डकडं उलटं जाता येत नाही, एकेक अंदाज लावून तपासावा लागतो आणि येस्क्रिप्ट मुद्दामच असा बनवलाय की प्रत्येक अंदाजाला वेळ आणि मेमरी दोन्ही खर्ची पडावी. तेव्हा तो नाद सोडा. नवीन पासवर्ड टाकणं १० मिनिटांचं काम आहे.

पण हात लावण्याआधी, डेस्कटॉप उघडतोय तोवर, हे तपासा. एकदा पासवर्ड बदलला की यातलं काही सोपं राहत नाही.

पहिलं, पासवर्ड खरंच चुकीचा आहे का ते बघा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट लेआउट घातलेला असेल आणि तो चालू राहिला असेल, तर बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जातो, कारण खाली देवनागरी अक्षरं जात असतात आणि तुम्हाला फक्त ठिपके दिसतात. सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली की) आणि स्पेस एकत्र दाबून लेआउट इंग्रजीवर आणा. मग टेक्स्ट एडिटर उघडून वहीतला पासवर्ड तिथं टाइप करून डोळ्यांनी बघा. कॅप्स लॉक, नम लॉक आणि ॲट-हॅशसारखी चिन्हं यांचा घोळ लगेच कळतो. बघून झालं की पुसून टाका, सेव्ह करू नका.

दुसरं, ॲडमिन खातं नक्की कोणतं? टर्मिनल उघडा. कमांड मी देवनागरीत लिहितोय, कीबोर्डवर सगळी इंग्रजी लहान अक्षरं समजा, आणि जिथं 'स्पेस' लिहिलंय तिथंच रिकामी जागा सोडा.

जी-ई-टी-ई-एन-टी स्पेस ग्रुप स्पेस एस-यू-डी-ओ

शेवटच्या कोलननंतर जी नावं येतील ती ॲडमिन खाती. उबंटूमध्ये सगळे अधिकार असलेलं 'रूट' खातं मुळातच कुलूपबंद असतं. ॲडमिन म्हणजे 'सुडो' गटातला वापरकर्ता. तेव्हा रूटचा नाही, या नावाचा पासवर्ड बदलायचाय.

तिसरं, डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे का?

एल-एस-बी-एल-के स्पेस डॅश-एफ

यात 'क्रिप्टो लक्स' असं कुठं दिसतं का बघा. दिसलं तर कॉम्प्युटर चालू होतानाच वेगळा पासफ्रेज विचारला गेला असता, तुमच्याकडं तसं वाटत नाही. जुन्या १६.०४ वरून अपग्रेड होत आलेल्या मशीनमध्ये फक्त होम फोल्डर एनक्रिप्ट केलेलं असू शकतं, तो पर्याय इन्स्टॉलरमधून १८.०४ पासून काढला. 'होम' फोल्डरात 'डॉट ई-क्रिप्ट-एफ-एस' नावाचं लपलेलं फोल्डर सापडलं तर थांबा आणि इथं लिहा. तिथं बाहेरून पासवर्ड बदलला की त्या खात्याचं होम उघडत नाही. फायली डिस्कवरच असतात, पण ३२ अक्षरांची माउंट पासफ्रेज असल्याशिवाय त्या वाचता येत नाहीत.

चौथं, बिलांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या. याला ॲडमिन लागत नाही.

आणि एक सांगा, क्रोम उघडल्यावर 'लॉगिन कीरिंग अनलॉक करा' असं काही विचारतं का?

शाहूपुरी_ऑफिस

लेआउट तपासला, इंग्रजीच होता. सुडो गटात एकच नाव आहे आणि आपोआप लॉगिन होतं तेच ते. लक्स कुठं दिसत नाही, एक व्हीफॅट आणि एक ईएक्सटी४ पार्टिशन आहे. ते लपलेलं फोल्डरही नाही. बिलांची कॉपी घेतली.

हो, क्रोम पहिल्यांदा उघडलं की कीरिंगचा पासवर्ड मागतं. आम्ही रोज कॅन्सल करतो आणि पुढं सगळं नीट चालतं.

उद्यमनगरकर

मग रस्ता मोकळा आहे. फक्त क्रोमचं आधी निपटा. सेटिंग्जमधल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये जाऊन सगळे पासवर्ड दिसतात का बघा आणि तिथूनच सीएसव्ही फाइल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या. त्या फायलीत सगळं उघडं लिहिलेलं असतं, त्यामुळं काम झालं की ती पुसायची. कीरिंगचं पुढं बोलू.

आता मुख्य काम. वायरचा यूएसबी कीबोर्ड लावा. काही ब्लूटूथ कीबोर्ड इतक्या लवकर जागेच होत नाहीत आणि माणूस उगाच की दाबत बसतो. लाईटचा भरवसा नसेल तर यूपीएसवर घ्या.

मशीन रीस्टार्ट करा. उबंटू एकटंच असेल तर ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू लपलेला असतो, तो बाहेर काढावा लागतो. जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर कंपनीचा लोगो गेला की डावी शिफ्ट दाबून धरायची. तुमच्याकडं व्हीफॅट पार्टिशन आहे म्हणजे बहुतेक यूईएफआय, बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत आहे, तिथं शिफ्ट चालत नाही, लोगो जाताच एस्केप एकदाच दाबायचं. इथं घाई नडते. एस्केप धडाधड दाबलं तर मेनूच्याही बाहेर पडून नुसता 'ग्रब' असा काळा प्रॉम्प्ट येतो. आला तर घाबरू नका, 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदा एस्केप. नाही जमलं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आणि पुन्हा पहिल्यापासून. डिस्कला यात काही होत नाही.

मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू' घ्या. आत कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, आवृत्त्यांची यादी दिसेल, त्यातली सगळ्यात वरची पण शेवटी 'रिकव्हरी मोड' असलेली ओळ निवडा. भराभर मजकूर सरकत जाईल आणि रिकव्हरीची खिडकी येईल. त्यात 'रूट' म्हणजे 'ड्रॉप टू रूट शेल प्रॉम्प्ट'. एंटर, आणि खाली पुन्हा 'प्रेस एंटर फॉर मेंटेनन्स' आलं तर परत एंटर.

ओळीच्या शेवटी हॅश चिन्ह दिसलं की तुम्ही रूट आहात. पहिली कमांड ही:

माउंट स्पेस डॅश-ओ स्पेस रिमाउंट-कॉमा-आर-डब्ल्यू स्पेस स्लॅश

रिमाउंट, कॉमा आणि आर-डब्ल्यू यांच्यात स्पेस नाही, डॅशही नाही, सलग लिहायचं. रिकव्हरीत डिस्क बहुधा फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, ती या कमांडनं लिहिण्याजोगी होते. आधीच तशी असेल तरी पुन्हा दिल्यानं बिघडत नाही. यश आलं की ही कमांड काहीच बोलत नाही.

मग:

पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी स्पेस आणि तुमचं वापरकर्ता नाव

यात पासवर्ड शब्दातली ओ आणि आर ही अक्षरं नाहीत, बरेच जण तिथंच अडकतात. नाव न देता नुसती कमांड दिली तर रूटचाच पासवर्ड बदलेल, जे आपल्याला नकोय. नवीन पासवर्ड दोनदा विचारेल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. हँग झालेलं नसतं, टाइप करत राहायचं. या शेलमध्ये कीबोर्डचा लेआउट डेस्कटॉपपेक्षा वेगळा असू शकतो, म्हणून तूर्त फक्त लहान अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड ठेवा. आत गेल्यावर सेटिंग्जमधून चांगला लांब ठेवता येतो.

'पासवर्ड अपडेटेड सक्सेसफुली' दिसलं की 'सिंक' एंटर, मग 'रीबूट' एंटर.

शाहूपुरी_ऑफिस

उद्यमनगरकर साहेब, ग्रब मेनू आला, रिकव्हरीत गेलो, माउंटची कमांड दिली. पण पासवर्ड दोनदा टाकल्यावर 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' आणि खाली 'पासवर्ड अनचेंज्ड' येतंय.

टर्मिनलवाला

नाव भारी वाटतं, पण अर्थ एवढाच की शॅडो फाइल लिहिता आली नाही. बहुतेक वेळा दोनच कारणं असतात.

डिस्क अजून वाचण्यापुरतीच आहे. माउंटच्या कमांडमध्ये कॉमाच्या पुढं चुकून स्पेस पडली असेल. खात्री करायला 'टच स्पेस स्लॅश इटीसी स्लॅश चाचणी' असं काहीतरी द्या, चाचणीच्या जागी इंग्रजी अक्षरांत कोणतंही नाव. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' असं उत्तर आलं तर माउंट पुन्हा नीट द्या. काहीच न बोलता प्रॉम्प्ट आला तर डिस्क लिहिण्याजोगी आहे. मग ती रिकामी फाइल 'आर-एम' देऊन काढा आणि दुसरं कारण बघा.

दुसरं म्हणजे डिस्क काठोकाठ भरलीय. 'डी-एफ स्पेस डॅश-एच' देऊन स्लॅशच्या ओळीतला वापर बघा. पासवर्ड बदलताना शॅडोची नवी प्रत आधी लिहिली जाते आणि मग ती जुनीच्या जागी बसवली जाते. नव्या प्रतीला जागा नसेल तर काम तिथंच थांबतं, जुनी फाइल शाबूत राहते. ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते, त्यामुळं बिलं किंवा फोटोंनी डिस्क भरली तरी ही अडचण येत नाही. पण रूटच्या नावानं चालणाऱ्या लॉगनं ती राखीव जागाही खाल्ली की येते. तसं असेल तर:

जर्नल-सी-टी-एल स्पेस डॅश-डॅश-व्हॅक्यूम-डॅश-साइझ बरोबर-चिन्ह २००-एम

यात शब्दांमधले डॅश खरेच टाइप करायचे, फक्त 'जर्नल-सी-टी-एल' सलग, आणि बरोबर-चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नाही. २०० इंग्रजी आकड्यांत आणि एम मात्र मोठं. सिस्टीमचे जुने लॉग २०० एमबीपर्यंत खाली येतील. सोबत 'ए-पी-टी स्पेस क्लीन' दिलं की अपडेटच्या उतरवून ठेवलेल्या फायली जातात. दोन्हींनी तुमच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. मग पासवर्ड बदला.

शॅडो फाइल एडिटरमध्ये उघडून हातानं हॅश पुसा असा सल्ला कुठं वाचलात तर करू नका. एक कोलन इकडं-तिकडं झाला की त्या खात्याचं लॉगिनच जातं.

शाहूपुरी_ऑफिस

कॉमानंतर स्पेसच पडली होती. नीट दिल्यावर एका झटक्यात झालं. ड्रायव्हर बसला, प्रिंटर चालू, अपडेट सुरू आहे. क्रोममधले पासवर्ड आधीसारखेच दिसतायत. कीरिंगची खिडकी मात्र अजून येते आणि तिथं नवीन पासवर्ड चालत नाही.

पन्हाळा_रोड

कीरिंग म्हणजे वेगळी कुलूपबंद फाइल असते. होममधल्या 'डॉट लोकल', त्यात 'शेअर', त्यात 'कीरिंग्ज' या फोल्डरात 'लॉगिन डॉट कीरिंग' नावानं. ती जुन्या पासवर्डनं एनक्रिप्ट केलेली असते. सेटिंग्जमधून, जुना पासवर्ड देऊन, बदल केला असता तर तीही सोबत बदलली असती. रूटनं बाहेरून बदलल्यावर तिला पत्ताच नसतो, म्हणून ती जुन्याच किल्लीची वाट बघत बसते. आणि आपोआप लॉगिन असलेल्या मशीनवर तर पासवर्ड टाइपच होत नाही, त्यामुळं आधीपासूनच खिडकी येत होती.

तुमच्या क्रोमचं काही गेलं नाही त्याचंही कारण यात आहे. कीरिंग उघडलेलं असतं तेव्हा क्रोम आपली किल्ली त्यात ठेवतं आणि पासवर्ड तिनं बंद करतं. कॅन्सल केलं की क्रोम आपल्या ठरलेल्या साध्या किल्लीनं काम चालवतं, ती सगळीकडं सारखीच असते. तुम्ही रोज कॅन्सल करत आलात, म्हणून सगळं त्या साध्या किल्लीवर साठलंय आणि वाचता येतंय. जिथं रोज लॉगिन पासवर्ड टाकून आत जातात तिथं उलटं घडतं. कीरिंग गेलं की क्रोममधले साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत, बहुतेक साइटींवरून लॉगआउटही होतं. गूगल खात्याला सिंक असेल तर परत उतरतात, नाहीतर गेले. म्हणून वाचणाऱ्या सगळ्यांना सांगणं, आत जाता येत असेल तोवर एक्सपोर्ट आधी, पासवर्ड नंतर. फायरफॉक्सला ही भीती नाही, त्याची किल्ली त्याच्या स्वतःच्या प्रोफाइल फोल्डरात असते.

खिडकी घालवायला क्रोम बंद करा, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेली फोल्डरं दाखवा, वर सांगितलेल्या जागी जाऊन 'लॉगिन डॉट कीरिंग'चं नाव बदला. शेवटी 'जुनं' अशा अर्थाचं काहीतरी जोडा, पण फाइल डिलीट करू नका. जुना पासवर्ड कधी सापडलाच तर 'पासवर्ड्स अँड कीज' ॲपमधून ती उघडता येते. मग लॉगआउट करून परत आत या. क्रोम नवीन कीरिंगसाठी पासवर्ड विचारेल. आपोआप लॉगिन ठेवायचंच असेल तर तो रिकामा सोडावा लागतो, आणि रिकामा म्हणजे उघडा. माझं मत विचाराल तर बँकेचे पासवर्ड असलेल्या मशीनवर आपोआप लॉगिन बंद करा. लॉगिनचा नवा पासवर्डच कीरिंगला दिला की ते लॉगिनसोबत आपोआप उघडतं आणि खिडकी कायमची जाते.

जीएसटीच्या डिजिटल सहीच्या टोकनचा पिन टोकनमध्येच असतो, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तो विसरला असाल तर अंदाज मारत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

हे मशीन ऑफिसात फोल्डर शेअर करत असेल तर सांबाचा पासवर्डही स्वतंत्र असतो. तो पासडब्ल्यूडीनं नाही, 'एस-एम-बी-पासडब्ल्यूडी'नं बदलतो.

कळंबा_नेटवर्क

विषय निघालाच आहे तर विचारतो. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर रिकव्हरी मोड घेतला की 'रूट अकाउंट इज लॉक्ड' म्हणून पुढं जाऊ देत नाही. आणि आल्मा लिनक्सवर तर ग्रबमध्ये तसा मेनूच नाही.

उद्यमनगरकर

डेबियनमध्ये रिकव्हरी शेल रूटचा पासवर्ड मागतो आणि इन्स्टॉल करताना रूट बंद ठेवला असेल तर दारातूनच परत पाठवतो. तिथं ग्रबमधून थेट बॅश उघडायचं.

नेहमीच्या ओळीवर येऊन 'ई' दाबा. खाली 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांब ओळ असते, तिच्यात यूयूआयडी आणि 'आर-ओ क्वाएट' असं असतं. 'आर-ओ'च्या जागी 'आर-डब्ल्यू' करा. 'क्वाएट' आणि असेल तर 'स्प्लॅश' काढा, नाहीतर प्रॉम्प्ट येऊनही पडदा काळाच राहू शकतो. ओळीच्या शेवटी स्पेस देऊन हे जोडा:

इनिट बरोबर-चिन्ह स्लॅश बिन स्लॅश बॅश

इथंही मध्ये कुठं स्पेस नाही. 'इनिट' म्हणजे आय-एन-आय-टी. कंट्रोल-एक्स किंवा एफ-१०. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, डिस्कवर लिहिला जात नाही, त्यामुळं चुकलं तर रीस्टार्ट करून पुन्हा. 'नो जॉब कंट्रोल' अशी सूचना येते, ती सोडून द्या. पासडब्ल्यूडी आणि नाव देऊन पासवर्ड बदला, मग सिंक.

बाहेर पडताना मात्र 'एक्झिट' देऊ नका. या स्थितीत बॅश हीच पहिली प्रक्रिया असते, ती संपली की कर्नल पॅनिक होतो. 'रीबूट स्पेस डॅश-एफ' द्या. नुसतं रीबूट चालत नाही, कारण ते ऐकणारं सिस्टिमडी, म्हणजे बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, अजून चालूच झालेलं नसतं.

आल्मा, रॉकी, रेड हॅट यांत असंच 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीशेवटी 'आर-डी डॉट ब्रेक' जोडायचं. इथं खरी सिस्टीम 'सिसरूट' फोल्डरात बसवलेली असते. क्रम असा: माउंट डॅश-ओ रिमाउंट-कॉमा-आर-डब्ल्यू, पुढं स्लॅश सिसरूट. मग 'सी-एच-रूट स्पेस स्लॅश सिसरूट'. मग पासडब्ल्यूडी. आणि मग विसरू नये अशी ओळ:

टच स्पेस स्लॅश डॉट ऑटोरीलेबल

ही राहिली तर पासवर्ड बदललेला असूनही लॉगिन होत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो. कारण एसई-लिनक्स, फायलींवरच्या लेबलांवरून परवानगी ठरवणारी सुरक्षा यंत्रणा. त्याचं धोरण लोड होण्याआधी शॅडो फाइल नव्यानं लिहिली गेल्यानं तिच्यावरचं लेबल जातं आणि लॉगिनच्या प्रोग्रामला ती वाचायची परवानगी मिळत नाही. या ओळीमुळं पुढच्या बूटला सगळ्या फायलींना नव्यानं लेबल लागतं. फायली जास्त असतील तर बराच वेळ जातो. मशीन अडकलंय असं समजून बटण दाबू नका, ते आपोआप रीस्टार्ट होतं. शेवटी 'एक्झिट' दोनदा.

लिनक्सच्या या प्रकारांत ॲडमिनचा गट सुडो नसून 'व्हील' असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

टर्मिनलवाला

ग्रबलाच पासवर्ड असेल तर वरचं काहीच चालत नाही. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबंटूची लाइव्ह आवृत्ती करून तिच्यावरून बूट करा, 'ट्राय उबंटू' घ्या, टर्मिनलमध्ये 'सुडो स्पेस डॅश-आय'. एल-एस-बी-एल-के डॅश-एफ नं मूळ पार्टिशन ओळखा. साटा एसएसडी असेल तर नाव एस-डी-ए२ सारखं, एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई०एन१पी२ सारखं असतं. ते 'एम-एन-टी' फोल्डरावर माउंट करा, 'सी-एच-रूट स्पेस स्लॅश एम-एन-टी' द्या आणि मग पासडब्ल्यूडी नाव.

सी-एच-रूट करायचं राहिलं तर डिस्कवरच्या खात्याला हातच लागत नाही. 'असा वापरकर्ता नाही' असं उत्तर येतं, किंवा पेनड्राइव्हच्या लाइव्ह सिस्टीममधलाच पासवर्ड बदलतो आणि मशीनवर जुनाच राहतो. पार्टिशन एलव्हीएम पद्धतीनं केलेलं असेल तर माउंटआधी 'व्ही-जी-चेंज स्पेस डॅश-ए-वाय' लागतं. ईएक्सटी४ ऐवजी बीटीआरएफएस फाइल सिस्टीम असेल तर तिच्यातल्या सबव्हॉल्यूमचं (उपविभागाचं) नाव द्यावं लागतं, उबंटूत ते नुसतं ॲट चिन्ह असतं, फेडोरात 'रूट'.

टाइमशिफ्ट (सिस्टीमच्या जुन्या स्थितीच्या प्रती, म्हणजे स्नॅपशॉट ठेवणारं ॲप) वापरणाऱ्यांसाठी एक: पासवर्ड बदलल्यानंतर त्याआधीचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला तर शॅडो फाइलही जुनी परत येते, म्हणजे विसरलेला पासवर्डही परत येतो. बदल झाल्यावर नवा स्नॅपशॉट घ्या.

शाहूपुरी_ऑफिस

आपोआप लॉगिन बंद केलं, कीरिंग नवीन झालं, खिडकी गेली. सगळ्यांचे मनापासून आभार. पण हे इतकं सोपं असेल तर ऑफिसात शिरलेला कुणीही करू शकेल की. यावर काय? आणि आमच्याकडूनच पुन्हा विसरला तर?

पन्हाळा_रोड

हो, करू शकेल. एनक्रिप्शन नसलेल्या डिस्कसमोर जो एकटा बसला तो तिचा मालक. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या मशीनवर असं केलं तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागू शकते आणि अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा आहे, पण कायदा कीबोर्ड अडवत नाही.

ग्रबला पासवर्ड लावता येतो. 'ग्रब-एम-के-पासडब्ल्यूडी-पी-बी-के-डी-एफ-२' या कमांडनं हॅश बनवून '४०_कस्टम' फायलीत सुपरयूजरच्या ओळीसह घालायचा आणि 'अपडेट-ग्रब' चालवायचं. नुसतं एवढंच केलं तर रोजच्या साध्या बूटलाही पासवर्ड मागतो. त्यासाठी '१०_लिनक्स' फायलीतल्या 'क्लास'च्या ओळीत 'डॅश-डॅश-अनरिस्ट्रिक्टेड' जोडावं लागतं. मग साधा बूट मोकळा, 'ई' दाबायला मात्र पासवर्ड. तरी पेनड्राइव्हचा रस्ता उरतो. तो बायोसच्या पासवर्डनं अडवता येतो, पण बऱ्याच डेस्कटॉपमध्ये सीआर२०३२ सेल काढला की तोही जातो. तेव्हा कॅबिनेटला कुलूप लावलेलं बरं.

खरा अडसर लक्स एनक्रिप्शनचाच, आणि तो नव्यानं इन्स्टॉल करताना घालणं सोपं. पण त्याचं ओझं समजून घ्या. लाईट जाऊन आली की कुणीतरी हजर राहून पासफ्रेज टाकेपर्यंत मशीन उठत नाही. आणि तो विसरला तर या धाग्यातलं एकही औषध लागू पडत नाही, डेटा गेला म्हणजे गेलाच. लक्स घेणार असाल तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. 'क्रिप्टसेटअप'च्या 'लक्स-ॲड-की'नं दुसरा पासफ्रेज घाला, लक्स२ मध्ये ३२ जागा असतात. आणि 'लक्स-हेडर-बॅकअप'नं हेडरची, म्हणजे किल्ल्या ठेवणाऱ्या सुरुवातीच्या भागाची, प्रत घ्या, ती साधारण १६ एमबीची होते. हेडर खराब झालं तर बरोबर पासफ्रेजही निरुपयोगी असतो. ती प्रतही जपा, कारण तिच्यात त्या दिवशीचे पासफ्रेज चालतात. पुढं पासफ्रेज बदललात तर नवी प्रत घ्या आणि जुनी नष्ट करा.

तुमच्या आत्ताच्या मशीनपुरतं म्हणाल तर दुसरं ॲडमिन खातं करून ठेवा. 'सुडो ॲडयूजर' आणि नवीन नाव, मग 'सुडो यूजरमॉड स्पेस डॅश-ए-जी स्पेस सुडो स्पेस' आणि तेच नाव. यात ए लहान आणि जी मोठं. ए राहिला तर ते खातं त्याच्या बाकीच्या सगळ्या गटांतून बाहेर पडतं, आणि नेहमीच्या खात्यावर ही चूक झाली की प्रिंटर, स्कॅनर एकेक करून नाराज होतात. या दुसऱ्या खात्यानं एकदा लॉगिन करून 'सुडो' चालतं का ते आजच तपासा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून पाकीट बंद करा, तारीख टाका आणि मालकांच्या घरी ठेवा. ऑफिसच्या खालच्या ड्रॉवरमध्ये नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आलं होतं, तेव्हा कागद काय आणि बिलांची बॅकअप डिस्क काय, दोन्ही वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या इमारतीतच ठेवा.

शाहूपुरी_ऑफिस

दुसरं खातं केलं, सुडो चालतंय. पाकीट आणि बॅकअप डिस्क दोन्ही साहेबांच्या घरी, नागाळा पार्कात, पाठवतोय. सीएसव्ही फाइल पेनड्राइव्हवरून पुसली.

टर्मिनलवाला

पुसली म्हणजे फाइल मॅनेजरमधून डिलीट केली असेल तर ती त्या पेनड्राइव्हच्याच लपलेल्या 'ट्रॅश' फोल्डरात पडून असते. कंट्रोल-एच दाबून बघा, 'डॉट ट्रॅश-१०००' अशा नावाचं दिसेल. ते रिकामं करा, किंवा तो पेनड्राइव्ह 'डिस्क्स' ॲपमधून पूर्ण फॉरमॅट करा आणि इरेजच्या पर्यायात शून्यांनी भरायचं निवडा. क्विकनं फक्त यादी जाते, मजकूर राहतो.